यूनिट सात, ट्रॅक दोन

५ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

हे पत्रही तुमच्या बातम्यांच्या गाड्यांच्या डेपोच्याच पत्त्यावर टाकतेय. घरचा पत्ता तू कुणाला दिलेला नाहीस, आणि फोन नंबर बदलल्याला चार वर्षं झाली. वर्षाला दोन पत्रं मी नेमाने पाठवते. ती तुझ्या हातात पडतात, की डेपोचा शिपाई त्यावर चहाचे कप ठेवतो, देव जाणे. उत्तर येत नाही एवढं खरं.

या वेळी सांगण्यासारखं काहीतरी आहे. मी रिटायर झाले. पाणीपुरवठ्याच्या नकाशा-खोलीत एकतीस वर्षं पाइपांच्या रेघा ओढल्या, शेवटच्या दिवशी त्यांनी मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वाटेला लावलं. घरी बसून चारच दिवस झाले होते, तर तुझ्या भाऊजींनी माझ्यापुढे हात जोडले. "माझे शर्ट रंगांप्रमाणे लावलेस, मसाल्यांच्या डब्यांवर नंबर घातलेस, आता कृपा करून स्वतःला एखादा छंद लावून घे."

म्हणून मी गच्चीवर डिश बसवतेय. केबलवाला दहा मिनिटांत ठोकून जातो तसली ताटली नव्हे. मोटरवाली, चांगली मीटरभर रुंद. खाली सोफ्यावर बसून रिमोटचं बटण दाबायचं, की वर ती सावकाश वळणार आणि एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जाणार. सगळे उपग्रह आकाशात एकाच कमानीत ओळीने असतात, डिशने ती कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनचूक फिरायची. हे मी तुला सांगतेय म्हणजे कमालच. बातम्यांच्या गाडीवर छत्री उभारून चित्रं वर पाठवण्यात तुझी वीस वर्षं गेली. तू वर पाठवणारा, मी खाली उतरवून घेणारी, एवढाच फरक.

मोटर घड्याळजींची आहे. आमच्या इमारतीत खाली ज्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, ते. बरीच वर्षं त्यांना हाच नाद होता. आता गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून मोटर मला दिली आणि वर शंभर सूचना.

उगाच शंका घेऊ नकोस, हा निव्वळ छंद आहे. परदेशातली चॅनल बघायची, बस.

तुझा राग मला माहीत आहे. आईच्या वेळी तुला वेळेत कळवलं नाही, सगळं आटोपल्यावर फोन केला. तेव्हा सांगितलं तेच आजही सांगते. आईच म्हणाली होती, तो कामावर असेल, त्याला काम करू दे. मी तिचं ऐकलं. त्यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

तब्येतीला जप.

तुझी ताई

१८ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

तेरा दिवसांत दुसरं पत्र बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. झाली ती माझी फजिती, आणि ती समजेल असा आपल्या घरात तू एकटाच आहेस.

खांब मी स्वतः उभा केला. कठड्याला चार बोल्ट मारले, लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मध्यावर आला. मोटरच्या पट्टीवर आपला अक्षांश लावला. दक्षिण होकायंत्राने काढली. कमानीतला सगळ्यात वरचा, बरोबर समोरचा उपग्रह आधी धरायचा असतो. तो मला पहिल्याच दुपारी मिळाला! स्वच्छ चित्र. कुठल्याशा देशातली बाई कसलंसं भांडं घासत होती, पण काय देखणं चित्र रे. भाऊजींना गच्चीवर बोलावून मी त्यांच्याकडून कौतुक वसूल केलं.

मग डिश पूर्वेला पाठवली. काही नाही. पश्चिमेला पाठवली. तिथेही काही नाही.

चार दिवस मी मोटरला शिव्या घातल्या. म्हटलं, म्हाताऱ्याने भंगार माझ्या गळ्यात मारलं. हे मी मनात म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण गच्चीवरून खाली ओरडून म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक असताना. घड्याळजी बाहेर आले, डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि मान वर करून म्हणाले, "बाई, मोटर माझी आहे. खांब तुमचा आहे."

झालं. माझा पारा असा चढला की दोन दिवस मी दुकानाच्या दारावरून जाताना तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने ओळंबा घेऊन वर गेले. खांब पूर्वेला कललेला होता. अगदी जरासा, बोटाच्या पेराएवढा. मी लेव्हल एकाच बाजूने लावली होती! एकतीस वर्षं नकाशे काढणाऱ्या बाईने. समोरचा उपग्रह तरीही मिळाला, कारण मोटर जराशी फिरवून मी तो कल झाकला होता. मध्यावर सगळं छान दिसत होतं, आणि टोकाला जाईपर्यंत पूर्वेला डिश जमिनीकडे बघायची, पश्चिमेला ढगांकडे.

होकायंत्राचंही तेच. पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा शेजारीच, सुई त्याच्याकडे ओढ घेत होती.

मग सगळं उतरवलं. एकूण एक बोल्ट. खांब दोन्ही बाजूंनी ओळंब्यात आणला. दक्षिणेसाठी घड्याळजींनी त्यांचा जुना उपाय सांगितला. दोरीला वजन बांधून टांगायचं आणि सूर्य डोक्यावर येईल त्या मिनिटाला तिची सावली खडूने आखायची. आपल्या घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. घड्याळजींनी हिशोब करून वेळ काढली आणि वर म्हणाले, "सूर्य अठरा मिनिटं मागे आहे, पण दुरुस्तीला आणला तर मी घेणार नाही."

हा विनोद करण्याआधी मी त्यांची माफी मागितली होती. हो, मी! भाऊजी साक्षीला आहेत, त्यांनी तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

आता पूर्वेपासून मध्यापर्यंत सगळे मिळतात. पश्चिमेचा एक राहिलाय, अगदी क्षितिजालगतचा.

तुझी ताई

२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तो मिळाला.

एवढ्या खाली आहे की डिश जवळजवळ समोरच्या इमारतीच्या खिडकीत डोकावते. तिथली वहिनी विचारत होती, "आमच्या स्वयंपाकघरात काय बघता हो?" तिला समजावता समजावता नाकी नऊ आले.

आता खरं सांगायचं तर, परदेशी चॅनलचं जे लिहिलं होतं ते अर्धंच खरं होतं. घड्याळजींच्या नादातली माणसं चॅनल बघतच नाहीत. ती बघतात ते कच्चं काम, बातम्यांच्या गाड्या आपल्या ऑफिसला पाठवतात ते. कुठलं वेळापत्रक नसतं, यादी नसते, अचानक उगवतं आणि तासाभरात गायब. आणि तुमच्या कंपनीच्या गाड्या याच उपग्रहावर पाठवतात, हे मी घड्याळजींना पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

गेल्या मंगळवारी दुपारी चारला रंगीत पट्ट्या उगवल्या, खरं चित्र सुरू होण्याआधी चाचणीसाठी पाठवतात त्या. त्यावर पांढऱ्या अक्षरांत "यूनिट ७". तुझी गाडी अजून सातच ना? आई असताना तू फोटो पाठवला होतास, दारावर मोठा सात होता.

मग पट्ट्या गेल्या आणि एक रिकामी जागा आली. भिंत, एक खुर्ची, लांबवर बसचा थांबा. कॅमेऱ्यापुढे कुणीतरी पांढरा कागद धरला, रंग जुळवायला. कागद धरणारा हात तेवढा दिसला. मनगटावर घड्याळ उलटं बांधलेलं, तबकडी आतल्या बाजूला.

तुझाच हात. घड्याळ असं उलटं बांधणारा शहाणा मी दुसरा पाहिलेला नाही.

आवाज काही नव्हता. नुसतं चित्र.

तुझी ताई

११ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आवाज होता.

मागच्या पत्रात नव्हता असं लिहिलं, ते खोटं. चित्राबरोबर आवाजाचे दोन ट्रॅक येतात. पट्ट्या चालू असताना पहिल्या ट्रॅकवर एकसारखी शिट्टी वाजत असते. रिमोटवरचं पिवळं बटण दाबलं की दुसरा ट्रॅक लागतो, आणि तिथे तुमच्या बातमीदार बाईंचा माइक चालूच असतो, त्या यायच्या आधीपासून. वाऱ्याचा आवाज, जनरेटर, आणि तू. पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला तेव्हा मी उठून टीव्हीला अगदी चिकटून बसले. तू म्हणत होतास, "अरे, केबलवर पाय नको देऊस." चार वर्षांनी माझ्या भावाचा आवाज ऐकते काय, आणि तो बोलतो काय! मी रडले आणि हसलेही.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चारला मी घराबाहेर पडत नाही. दात दुखतोय तरी डॉक्टरांची चारची वेळ मोडली. भाऊजी काही विचारत नाहीत. चहाचा कप ठेवतात आणि दार ओढून घेतात. तुला खोकला आहे, दोन आठवडे ऐकतेय. गुडघाही धरतो, गाडीच्या टपावरून उतरताना तू "आई गं" म्हणतोस. कॅमेरावाला तुझी नक्कल करतो आणि तू त्याला चांगलं सुनावतोस. तुला कुणीतरी सोबती आहे एवढं कळलं, बरं वाटलं.

आणि गेल्या शनिवारी कॅमेरावाला म्हणाला, "डेपोत तुझं पत्र आलंय. परत तेच अक्षर."

"खणात टाक."

"उघडत नाहीस एकही?"

"नाही."

"मग फेकून तरी दे ना."

 मग तू म्हणालास, "नको. राहू दे."

तर असं आहे. माझी पत्रं तुझ्या खणात आहेत, बंद. त्या रात्री मी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा गंमत म्हणजे मोकळं वाटत होतं. न उघडणाऱ्या माणसाला काय वाटेल ते लिहिता येतं. तर ऐक. तू गाढव आहेस. खोकल्यावर औषध घे. तुझी आठवण मला जेवायला बसल्यावर सगळ्यात जास्त येते, का ते माहीत नाही. तू यायचं बंद केल्यावर मी तुझ्या खोलीत शिवणाचं मशीन ठेवलं आणि त्यावर आजवर एक टाकाही घातलेला नाही.

आईबद्दलही लिहावं म्हटलं. कोण वाचतंय! पेन हातात धरून अर्धा तास बसले. नाही जमलं.

तुझी ताई

२७ नोव्हेंबर

(पाकिटावर बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "आईबद्दल नाही. तुझ्या नोकरीचं आहे. उघड.")

प्रिय धाकट्या,

उघडलं असशील तर आधी कामाचं.

तुझ्या गाडीचा दुसरा ट्रॅक उघडा राहतो. पट्ट्या वर गेल्यापासून बातमीदार कॅमेऱ्यापुढे उभी राहीपर्यंत तू आणि कॅमेरावाला जे बोलता ते सगळं उपग्रहावर जातं, आणि ज्याच्याकडे डिश आहे तो कुणीही ते ऐकू शकतो. ऐकतातही. घड्याळजींच्या नादातल्या माणसांचा एक गट आहे, कुणाला कुठे काय सापडलं ते एकमेकांना कळवतात. काल घड्याळजींनी मला खाली बोलावलं आणि मोबाईल पुढे धरला. एकाने तुझा आवाज चित्रासकट रेकॉर्ड करून गटात टाकला होता. तू तुमच्या बड्या साहेबांची नक्कल करतोस, ते बायकोशी फोनवर कसे बोलतात ती. मग त्यांना एक शिवी देतोस. वर गाडीचा नंबर स्वच्छ दिसतोय. खाली साठ जणांनी हसून लोळल्याची चित्रं टाकली होती.

घड्याळजींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "बाई, हे तुमच्या भावाचं ना?" म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे त्या माणसाला फोन लावला आणि ते काढायला लावलं. पण उद्या दुसरा कुणी टाकेल. तुमच्या ऑफिसात पोचायला कितीसा वेळ लागतो? तुझी वीस वर्षांची नोकरी एका माइकपायी जाईल.

म्हणून पट्ट्या वर पाठवायच्या आधी दुसरा ट्रॅक बंद कर. रोज. आठवणीने.

पोस्टकार्ड टाकलं असतं तर न उघडता वाचता आलं असतं, हे मलाही सुचलं होतं. पण ते आधी अख्ख्या डेपोने वाचलं असतं.

आता दुसरं. मला हे काल कळलं असं समजू नकोस. माइक उघडा आहे हे मला महिन्याभरापासून माहीत आहे. तुझी साहेबांची नक्कल मी आधीच ऐकली होती, भाऊजींना करूनही दाखवली. यातून तुझं नुकसान होईल हे मला पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं, आणि खरं म्हणजे कळलंही होतं. पण तुला कळवलं की माइक बंद होणार. मग मंगळवारी चारला माझ्या वाट्याला नुसती शिट्टी. म्हणून मी आज लिहू, उद्या लिहू करत राहिले. तू पत्रं उघडत नाहीस हे कळल्यावर तर मला आयतं निमित्त मिळालं.

पूर्वीही एकदा मी तुला कळवायला उशीर केला. पुन्हा तेच करत होते हे काल घड्याळजींच्या दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. घरी आले आणि लिहायला बसले. भाऊजी आत्ता पाकीट घेऊन पोस्टात निघालेत, चपला घालून दारात उभे आहेत.

ट्रॅक दोन. विसरू नकोस.

तुझी ताई

९ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

मंगळवारी, दोन तारखेला, माइक चालू होता. गुरुवारीही. तू कॅमेरावाल्याला जेवणाच्या डब्यावरून काहीतरी सांगत होतास आणि मी इथे टीव्हीपुढे उभी राहून ओरडत होते, "अरे मूर्खा, बंद कर!" भाऊजी धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. शनिवारी तुमची गाडीच आली नाही. रविवार, सोमवार कसे काढले ते माझं मला माहीत.

आज चारला पट्ट्या आल्या. यूनिट ७. मी पिवळं बटण दाबलं. काही नाही.

आधी वाटलं माझ्याच डिशचं काहीतरी बिघडलं. पुन्हा दाबलं. पहिल्या ट्रॅकवर शिट्टी ठणठणीत, दुसऱ्यावर काही नाही, वारासुद्धा नाही. तरी विश्वास बसेना. खाली पळत गेले आणि घड्याळजींना गटात विचारायला लावलं. लांब कुठेतरी राहणारा एकजण आहे, त्याने कळवलं, "सातचा दोन नंबर आज बंद आहे, मजा गेली." घड्याळजींनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, भिंग काढलं आणि पुसत बसले.

तू पत्र उघडलंस.

जिना चढून वर आले आणि पायरीवरच बसून भरपूर रडले. जीव भांड्यात पडला म्हणून रडले, आणि आता तुझा आवाज ऐकू येणार नाही म्हणूनही रडले. दोन्हीसाठी एकदमच.

एक उघडलंस, तर बाकीचीही उघडशील. निदान माझं पत्र वाचलं जाईल असं धरून आता लिहायला हवं. म्हणून पाच ऑक्टोबरच्या पत्रातलं, आणि त्याआधी चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेलं एक वाक्य दुरुस्त करते.

आईने तुला बोलावलं होतं. सोमवारी सकाळी तोंड धुतल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते, "धाकट्याला फोन लाव." मी लावला नाही. दोन वर्षं तिचं सगळं मी केलं होतं, उठवणं, बसवणं, औषधं, आणि तू सहा महिन्यांतून एकदा यायचास की तिचा चेहरा असा उजळायचा, तसा माझ्यासाठी कधी उजळला नाही. माझ्या मनात ते होतं. म्हटलं, आज राहू दे, उद्या लावू. डॉक्टर म्हणाले होते आठवडा आहे. संध्याकाळी तिने परत विचारलं. मी म्हटलं, "लावला, लागत नाहीये." मंगळवारी सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. मी तेच सांगितलं.

तेव्हा ती म्हणाली, "मग तो कामावर असेल. त्याला काम करू दे."

हे ते वाक्य. तिचंच आहे, मी बनवलेलं नाही. पण ती ते माझ्या खोट्यावर बोलली, आणि मी ते चार वर्षं ढालीसारखं पुढे धरलं. फोन लावला असता तर रात्रीच्या गाडीने तू सकाळपर्यंत पोचला असतास. तुझी भेट मी घालवली, तिचीही घालवली. याला माफी नाही हे मला कळतं, मी मागतही नाही.

त्यापुढचं तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण खोलीत मी एकटीच होते. ते वाक्य बोलून झाल्यावर तिने मला टीव्ही लावायला सांगितला. तुमचंच चॅनल. आवाज नको म्हणाली, आवाजाने डोकं दुखतं. बातम्या चालू होत्या, एका पुलाचं चित्र होतं. तीन कमानींचा जुना पूल, खाली पाणी, कठड्याला टेकून माणसं उभी. आईने विचारलं, "हे त्याने पाठवलं असेल ना?" मी म्हटलं, "हो, त्यानेच." पुढे दुसरी बातमी लागली तरी ती तिकडेच बघत होती. दुपारी जाईपर्यंत बघत होती.

मला माहीत नव्हतं, मी आपलं म्हटलं हो. मंगळवार होता, सकाळी अकराच्या सुमाराची बातमी. तू त्या दिवशी त्या पुलावर होतास का रे? एवढं मला कळव.

ताई